अ‍ॅक्सेसची जुनी डेटाबेस फाइल नव्या आवृत्तीत नेताना काय मोडते आणि का

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. अ‍ॅक्सेस ९७ मध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एका जुन्या आवृत्तीत) सुरू झालेला आणि पुढे अ‍ॅक्सेस २००३ च्या स्वरूपात आणलेला एक डेटाबेस सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेला असून अनेक जण तो एकाच वेळी वापरतात. काही संगणकांवर अजून अ‍ॅक्सेस २०१० आहे, तर नव्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ३६५ मधले ६४-बिट अ‍ॅक्सेस आले आहे. नव्या संगणकांवर फाइल उघडते, पण काही फॉर्म चालत नाहीत, काही क्वेरी (माहिती शोधणाऱ्या किंवा बदलणाऱ्या आज्ञा) अनाकलनीय चुका दाखवतात, आणि ९७ च्या काळातल्या काही फायली तर उघडतच नाहीत. फाइल नव्या स्वरूपात रूपांतरित करावी का, जुन्या-नव्या आवृत्त्या काही काळ एकत्र चालतील का, आणि साठवलेल्या माहितीला किती धोका आहे, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. आवृत्ती बदलताना तक्त्यांमधल्या माहितीला सर्वांत कमी धोका असतो. आकडे, तारखा, मजकूर, तक्त्यांमधले परस्परसंबंध आणि साध्या क्वेरी जवळजवळ नेहमीच सुखरूप पुढे जातात. मोडते ते फाइलच्या बाहेरचे, म्हणजे ज्यावर फाइल विसंबून असते पण जे तिच्यासोबत प्रवास करत नाही: कोडला लागणाऱ्या लायब्ररी, फॉर्मवर बसवलेली कंट्रोल्स, विंडोजच्या अंतर्गत फंक्शनना केलेल्या हाका, ड्रायव्हर, आणि ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट ही गोष्ट. आपल्याकडे फॉर्म अडत आहेत पण तक्ते व्यवस्थित उघडत आहेत, यावरूनही हेच दिसते. म्हणून एसीसीडीबी या नव्या फाइल-स्वरूपात रूपांतर करण्याची घाई करू नये. तो या कामाचा शेवटचा टप्पा आहे आणि कित्येकदा तो आवश्यकही नसतो.

फाइलचे स्वरूप आणि प्रोग्रॅमची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी स्पष्ट असावे. अ‍ॅक्सेसची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये आली आणि तेव्हापासून आवृत्त्या अनेक झाल्या, पण स्वरूपातले मोठे बदल मोजकेच आहेत. अ‍ॅक्सेस ९७ जेट या इंजिनाच्या (माहिती साठवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागाच्या) तिसऱ्या पिढीवर चालत असे. त्यात माहिती २ किलोबाइटच्या पानांमध्ये साठवली जाई, मजकूर संगणकाच्या कोड पेजप्रमाणे (अक्षरांना आकडे देणाऱ्या स्थानिक तक्त्याप्रमाणे) ठेवला जाई आणि फाइलची कमाल मर्यादा १ गिगाबाइट होती. अ‍ॅक्सेस २००० सोबत जेट ४ आले, मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या एकाच सांकेतिक पद्धतीत) साठवला जाऊ लागला, पान ४ किलोबाइटचे झाले आणि मर्यादा २ गिगाबाइटवर गेली. २००२-२००३ चे स्वरूपही जेट ४ वरच उभे आहे. त्यानंतरचा मोठा बदल अ‍ॅक्सेस २००७ मध्ये झाला, जेव्हा एमडीबी या जुन्या फाइल-स्वरूपाच्या जागी एसीसीडीबी हे स्वरूप आणि जेटच्या जागी एसीई हे इंजिन आले. २ गिगाबाइटची मर्यादा मात्र आजही तशीच आहे. इतर डेस्कटॉप डेटाबेसांतही असेच टप्पे आढळतात. फाइलमेकरने २००४ मध्ये सातव्या आणि २०१२ मध्ये बाराव्या आवृत्तीला स्वरूप बदलले, आणि मधल्या आवृत्त्यांमध्ये फायली तशाच चालत राहिल्या. आजचे अ‍ॅक्सेस २००३ ची एमडीबी फाइल थेट उघडते, तिच्यात नोंदी घेते आणि तिची रचनाही बदलू देते.

९७ च्या फायलींचे तसे नाही. अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढच्या कोणत्याही आवृत्तीत त्या उघडत नाहीत. अ‍ॅक्सेस २०१० मात्र त्यांचे रूपांतर करू शकते. म्हणून आपल्याकडचे २०१० चे संगणक काढून टाकण्यापूर्वी, बाकी सगळे काम बाजूला ठेवून, हे आधी करून घ्या: ९७ ची जी जी फाइल सापडेल ती २०१० मध्ये उघडून २००२-२००३ च्या स्वरूपात नव्या नावाने साठवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. रूपांतर मध्येच अडले आणि आपल्याला केवळ माहिती हवी असेल, तर कोरी एमडीबी फाइल तयार करून तिच्यात फक्त तक्ते आयात करावेत. बिघाड बहुधा एखाद्या फॉर्ममध्ये किंवा कोडमध्ये असतो आणि तक्ते निर्वेध बाहेर येतात. फाइल एमडीई प्रकारची असेल तर तिच्यात मूळ कोड नसतो, त्यामुळे फॉर्म आणि मॉड्यूल यांचे रूपांतर होणार नाही. तिची मूळ एमडीबी शोधावी लागेल.

याच टप्प्यावर मजकुराचीही तपासणी करावी. ९७ च्या काळात इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला मजकूर विशिष्ट फॉन्ट वापरून भरलेला असेल, तर इंजिनाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचाच समूह असतो. युनिकोडमध्ये नेताना इंजिन प्रामाणिकपणे तीच रोमन अक्षरे पुढे नेते. तो फॉन्ट संगणकावर आहे तोपर्यंत मजकूर वाचता येतो. फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि शोध व वर्णानुक्रम तर दोन्ही परिस्थितींत चुकीचेच राहतात. हे काम आवृत्तीबदलाने आपोआप होत नाही. त्यासाठी फॉन्टनुरूप परिवर्तक वापरून प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे बदलावा लागतो, आणि ते आवृत्तीबदल स्थिरावल्यानंतर करणे श्रेयस्कर, कारण दोन्ही बदल एकाच वेळी केले तर चूक कोणत्या पायरीवर झाली हे ओळखता येत नाही.

आता आपण वर्णन केलेल्या अनाकलनीय चुकांकडे येतो. अशा तक्रारींमध्ये मला वारंवार दिसणारे कारण एकच आहे, म्हणून ते जरा जवळून पाहू. समजा, एका क्वेरीत थकबाकीचे दिवस काढण्यासाठी आजची तारीख देणारे डेट हे फंक्शन वापरले आहे. जुन्या संगणकावर ती क्वेरी चालते. नव्यावर मात्र हे फंक्शन अभिव्यक्तीत उपलब्ध नाही असा संदेश येतो. कधी डेट, कधी लेफ्ट, कधी फॉरमॅट, म्हणजे अ‍ॅक्सेसमधली अगदी प्राथमिक फंक्शनच नाहीशी झाल्यासारखी वाटतात. माणूस साहजिकच क्वेरी पुन्हा लिहू लागतो, तारखांचे स्वरूप बदलून पाहतो, ऑफिस पुन्हा स्थापित करतो. प्रत्यक्षात दोष क्वेरीत नसतोच. ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडचा संपादक उघडा, टूल्स मेनूतून रेफरन्सेस निवडा आणि यादी नीट पाहा. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला ‘मिसिंग’ असे लिहिलेले दिसेल. बहुतेकदा ती ओळ क्वेरीशी काडीचाही संबंध नसलेल्या घटकाची असते, उदाहरणार्थ जुन्या कॅलेंडर कंट्रोलची, जे ऑफिस २०१० पासून दिले जात नाही.

याचे कारण असे की, कोडमध्ये किंवा क्वेरीत एखादे नाव आले की व्हीबीए (ऑफिसमधली कोड लिहिण्याची भाषा) ते नाव रेफरन्सच्या यादीतल्या लायब्ररींमध्ये क्रमाने शोधते. यादीतला एक दुवा तुटलेला असला तर ही शोधप्रक्रियाच कोलमडते, आणि जी लायब्ररी जागच्या जागी आहे तिच्यातली फंक्शनही सापडेनाशी होतात. तो दुवा खरोखर वापरात नसेल तर त्याची खूण काढावी, वापरात असेल तर त्याच्या जागी पर्याय द्यावा, आणि मग डीबग मेनूतून संपूर्ण कोड कंपाइल करावा. फंक्शनच्या नावाआधी व्हीबीए लिहून वेळ मारून नेण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने ती एक क्वेरी चालते, पण मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या फॉर्ममध्ये पुन्हा डोके वर काढतो.

रेफरन्सची आणखी एक खोड आहे, आणि आपल्या मिश्र परिस्थितीत ती नक्की त्रास देईल. डेटाबेसमधून एक्सेल किंवा आउटलुक चालवण्यासाठी त्यांच्या लायब्ररीचा दुवा जोडलेला असेल, तर फाइल नव्या ऑफिसमध्ये उघडल्यावर तो दुवा आपोआप नव्या आवृत्तीकडे सरकतो. तीच फाइल नंतर जुन्या ऑफिसमध्ये उघडली की तो मागे येत नाही, तुटतो. म्हणजे सकाळी एकाने नव्या संगणकावर फाइल उघडली की दुपारी जुन्या संगणकावरच्या दुसऱ्याचे काम बंद पडते, आणि दोघांनीही काही चुकीचे केलेले नसते. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे हे दुवे काढून टाकून क्रिएटऑब्जेक्टच्या साहाय्याने ते घटक चालू वेळी मिळवणे. असे केल्यावर त्या लायब्ररीतले स्थिरांक मिळत नाहीत, म्हणून ते स्वतः घोषित करावे लागतात. उदाहरणार्थ, आउटलुकच्या टपाल घटकाचा स्थिरांक ०, आणि एक्सेलमधल्या वरच्या दिशेचा उणे ४१६२. थोडे लिखाण वाढते, पण फाइल आवृत्तीच्या बंधनातून सुटते.

डीएओ आणि एडीओ या कोडमधून माहिती हाताळणाऱ्या दोन लायब्ररींमधला गोंधळही इथेच निस्तरावा. अ‍ॅक्सेस २००० आणि २००२ मध्ये नवी फाइल तयार केली की केवळ एडीओचा दुवा आपोआप जोडला जात असे. या दोन्ही लायब्ररींमध्ये रेकॉर्डसेट नावाचा घटक आहे, आणि कोडमध्ये नुसते रेकॉर्डसेट लिहिलेले असेल तर यादीत जी लायब्ररी वर असेल तिचा घटक घेतला जातो. परिणामी दोन संगणकांवर किंवा रूपांतरानंतर तीच ओळ वेगळी वागते आणि प्रकार जुळत नसल्याची चूक येते. प्रत्येक घोषणेत डीएओ किंवा एडीओडीबी हे पूर्वपद लिहिले की प्रश्न कायमचा मिटतो. डीएओ ३.६ ही लायब्ररी ३२-बिटच आहे. ६४-बिट अ‍ॅक्सेसमध्ये तिच्या जागी ऑफिसची अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन ऑब्जेक्ट लायब्ररी निवडावी लागते.

६४-बिटचा मुद्दा आवृत्तीच्या मुद्द्यापेक्षा वेगळा आहे, पण दोन्ही एकाच दिवशी समोर येतात म्हणून लोक ते एकच समजतात. ६४-बिट ऑफिस प्रथम २०१० मध्ये आले, आणि २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ व ऑफिस २०१९ स्थापित करताना विशेष निवड न केल्यास ६४-बिटच बसते. कोणीही ठरवलेले नसताना आपल्या नव्या संगणकांवर ते आले असावे, ते यामुळेच. माझे स्पष्ट मत असे आहे की, मोठ्या एक्सेल फायलींसारखे दुसरे काही कारण नसेल तर जुन्या डेटाबेससाठी ३२-बिट ऑफिस बसवणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे. फाइलची मर्यादा दोन्हींत २ गिगाबाइटच असल्यामुळे अ‍ॅक्सेसला ६४-बिटचा लाभ फारसा होत नाही. मात्र एका संगणकावरचे सगळे ऑफिस एकाच प्रकारचे असावे लागते, त्यामुळे हा निर्णय केवळ अ‍ॅक्सेसपुरता घेता येत नाही.

६४-बिट वापरायचेच असेल तर कोडमधल्या प्रत्येक डिक्लेअर विधानाकडे लक्ष द्यावे लागेल. विंडोजमधल्या फंक्शनची अशी घोषणा ६४-बिट व्हीबीएमध्ये पीटीआरसेफ हा शब्द असल्याशिवाय कंपाइलच होत नाही. इथे एक घातक सवय पडलेली आढळते: शोधा-आणि-बदला करून सगळीकडे पीटीआरसेफ घालायचे, चूक येणे थांबले की काम झाले असे मानायचे. पीटीआरसेफ हा शब्द काहीही दुरुस्त करत नाही. आपण ही घोषणा ६४-बिटसाठी तपासली आहे, असे लिहिणाऱ्याने कंपायलरला दिलेले ते वचन आहे. ज्या जागी मेमरीतला पत्ता किंवा खिडकीचे हँडल येते तिथला लाँग हा प्रकार ४ बाइटचाच राहिला, तर ८ बाइटच्या पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. कधी योगायोगाने काम होते, कधी अ‍ॅक्सेस कोणताही संदेश न देता बंद पडते. अशा जागी लाँगपीटीआर हा प्रकार वापरावा; तो ३२-बिटमध्ये ४ आणि ६४-बिटमध्ये ८ बाइटचा होतो. जिथे खरोखर साधी संख्या आहे तिथे लाँगच राहू द्यावे, कारण सरसकट सगळे लाँग बदलणे हीसुद्धा तितकीच चूक आहे.

फाइल निवडण्याची खिडकी उघडणारे जुने फंक्शन हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण ते जवळजवळ प्रत्येक जुन्या डेटाबेसमध्ये सापडते. त्याला एक मोठी रचना द्यावी लागते. तिच्यातले मालक खिडकीचे हँडल, इन्स्टन्सचे हँडल, हूकचा पत्ता आणि स्वतःची माहिती ठेवायचा घटक लाँगपीटीआर करावे लागतात, आणि लांबी, खुणा वगैरे घटक लाँगच राहतात. एवढे केल्यावरही पुष्कळदा खिडकी उघडतच नाही, आणि चूकही दिसत नाही. कारण रचनेचा आकार लेन या फंक्शनने मोजलेला असतो. ६४-बिटमध्ये घटकांच्या मधे रिकामे बाइट भरले जातात. ते लेन मोजत नाही, लेनबी मोजते. आकार चुकीचा सांगितला गेला की विंडोज ती रचना नाकारते. अर्थात, या विशिष्ट कामासाठी ऑफिसमधलाच फाइलडायलॉग हा घटक आहे, आणि जुनी घोषणा दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो वापरणे मला अधिक पसंत आहे. २०१० च्या आधीच्या आवृत्तीतही तोच कोड चालवायचा असेल तर व्हीबीए७ या स्थिरांकावर आधारित सशर्त संकलन करावे. जुन्या संपादकात नवा भाग लाल दिसतो, पण तो वगळला जात असल्याने अडथळा येत नाही.

फॉर्मवरची अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल्स (बाहेरून बसवलेले तयार घटक) हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. ट्रीव्ह्यू आणि लिस्टव्ह्यू यांसारखी कंट्रोल्स दीर्घकाळ केवळ ३२-बिटमध्येच उपलब्ध होती. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्यांची ६४-बिट आवृत्ती नंतर मिळाली. इतर निर्मात्यांकडून विकत घेतलेल्या कंट्रोल्सची ६४-बिट आवृत्ती अनेकदा निघालेलीच नसते. असे कंट्रोल असलेला फॉर्म ६४-बिटमध्ये चालणार नाही, आणि त्याला फॉर्म नव्याने रचण्यावाचून इलाज नाही. तारीख निवडण्यासाठी मात्र काही बसवण्याची गरज उरलेली नाही. २००७ पासून तारखेच्या रकान्यालाच तारीखनिवडक मिळतो.

बाहेरून या डेटाबेसला जोडले जाणारे काही आहे का, तेही शोधा: एक्सेलमधले मॅक्रो, एखादी स्क्रिप्ट, अहवाल काढणारा दुसरा प्रोग्रॅम. त्यांच्या जोडणीच्या ओळीत जेट ओएलई-डीबी ४.० असे असेल, तर तो ड्रायव्हर ३२-बिटमध्येच चालतो आणि एसीसीडीबी उघडू शकत नाही. त्याजागी एसीई ओएलई-डीबी १२.० वापरावा लागतो, आणि त्याचा बिट-प्रकार हाक मारणाऱ्या प्रोग्रॅमशी जुळावा लागतो. ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीच्या ३२-बिट आणि ६४-बिट ड्रायव्हरांच्या याद्या विंडोजमध्ये वेगवेगळ्या असतात, हेही लक्षात ठेवावे. एका यादीत केलेली नोंद दुसऱ्या बाजूच्या अ‍ॅक्सेसला उपयोगी पडेलच असे नाही.

काढून टाकलेल्या सुविधांबद्दल थोडक्यात सांगतो. अ‍ॅप्लिकेशनमधले फाइलसर्च २००७ मध्ये गेले. अहवाल स्नॅपशॉट स्वरूपात पाठवण्याची सोय २०१० मध्ये गेली. तिथे पीडीएफ वापरावे. २०१३ मध्ये एसक्यूएल सर्व्हरला जोडणारे एडीपी प्रकल्प आणि पिव्हट तक्ते व आलेख गेले. जुने स्वनिर्मित मेनू नव्या आवृत्तीत रिबनवरच्या अ‍ॅड-इन्स या टॅबखाली गोळा होतात. चालतात, पण वापरणाऱ्यांना सापडत नाहीत. आणि एक बदल असा आहे की तो आवृत्तीच्या नावावरून कळत नाही: अ‍ॅक्सेस २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, कायदेशीर कारणामुळे, जोडलेल्या एक्सेल पत्रकातली माहिती अ‍ॅक्सेसमधून बदलता येत नाही. जुना डेटाबेस तसे करत असेल तर तो भाग निर्यातीने किंवा थेट एक्सेल चालवून पुन्हा लिहावा लागेल.

आपल्या फाइलला वापरकर्तानिहाय परवानग्या असतील, म्हणजे उघडताना नाव आणि पासवर्ड विचारला जात असेल आणि सोबत वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड ठेवणारी एमडीडब्ल्यू फाइल असेल, तर रूपांतराचा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा. ही व्यवस्था नव्या आवृत्त्या एमडीबी फाइलसाठी चालवतात, पण एसीसीडीबी स्वरूपात ती अस्तित्वातच नाही. रूपांतर केले की सगळ्यांना सगळे खुले होते. परवानग्या म्हणून ती व्यवस्था कधीच फार भक्कम नव्हती, तरी कोण कोणती नोंद बदलू शकतो याची शिस्त तिच्यावर उभी असते. संवेदनशील माहिती असेल तर तक्ते एसक्यूएल सर्व्हरसारख्या सर्व्हरवर नेणे हा खरा उपाय आहे. प्रतिकृतीची सुविधा (एकाच डेटाबेसच्या अनेक प्रती एकमेकींशी जुळवून घेण्याची सोय) वापरलेली असेल, तर तीही एसीसीडीबीमध्ये नाही. त्या तक्त्यांत इंजिनाने घातलेले जास्तीचे रकाने टाळून, माहिती प्रतिकृती नसलेल्या कोऱ्या फाइलमध्ये काढून घ्यावी लागते.

दोन्ही आवृत्त्या एकत्र चालवण्याबाबत माझे उत्तर होय असे आहे, परंतु फाइल दोन भागांत विभागल्याखेरीज नाही. तक्ते एका फाइलमध्ये सामायिक फोल्डरवर राहू द्यावेत. फॉर्म, क्वेरी, अहवाल आणि कोड दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर द्यावी. तक्त्यांची फाइल २००२-२००३ च्या एमडीबी स्वरूपातच ठेवली तर २०१० आणि ३६५ दोन्ही तिला एकाच वेळी वापरू शकतात. ऑफिस २०१० साठीचे अद्यतन १३ ऑक्टोबर २०२० पासून बंद झालेले असल्यामुळे हा काळ लांबवू नये, पण काही आठवडे अशी व्यवस्था निर्धोकपणे चालते. या काळात रचनेतला प्रत्येक बदल सर्वांत जुन्या आवृत्तीतच करावा आणि नंतर नव्यात तपासावा. वाटपासाठी कोडरहित एमडीई किंवा एसीसीडीई तयार करत असाल, तर ३२-बिटमध्ये तयार केलेली प्रत ६४-बिटमध्ये उघडत नाही; दोन्हींसाठी वेगळ्या प्रती लागतील, आणि मूळ फाइल जपून ठेवावीच लागेल.

नव्या संगणकांवर ती प्रत ज्या फोल्डरमध्ये असेल तो ट्रस्ट सेंटरमध्ये विश्वासार्ह स्थान म्हणून नोंदवावा, नाहीतर कोड मुकाट्याने बंद राहतो आणि बटणे दाबूनही काही घडत नाही. प्रत ई-मेलने पाठवली असेल तर विंडोज तिच्यावर इंटरनेटवरून आल्याची खूण करते, आणि २०२२ पासून अशा फायलींमधले मॅक्रो ऑफिस सरळ अडवते. फाइलच्या गुणधर्मांमध्ये जाऊन ती खूण काढता येते, पण प्रत नेटवर्कवरून थेट उतरवून देणे अधिक सोयीचे.

आवृत्ती तीच असतानाही अद्यतनाने काम अडू शकते, हे १२ नोव्हेंबर २०१९ च्या सुरक्षा अद्यतनानंतर सर्वांनी पाहिले. त्यानंतर एका तक्त्यावर अट लावून केलेल्या साध्या अपडेट क्वेरी ‘क्वेरी दूषित आहे’ असा संदेश देऊन थांबू लागल्या, आणि दुरुस्ती येईपर्यंत तक्त्याऐवजी त्याच तक्त्यावर आधारलेल्या क्वेरीला अपडेट करण्याची पळवाट वापरावी लागली. फाइल आणि माहिती दोन्ही पूर्ण ठीक होत्या. म्हणून असा संदेश आला की लगेच दुरुस्तीची साधने फाइलवर चालवू नयेत. आधी प्रत काढावी, दुसऱ्या संगणकावर पाहावे, आणि अलीकडे कोणते अद्यतन बसले ते तपासावे.

चाचणीबाबत माझा आग्रह असा की फॉर्म उघडून पाहण्यावर समाधान मानू नये. जुन्या आणि नव्या आवृत्तीत एकाच माहितीवर प्रत्येक महत्त्वाचा अहवाल काढून शेजारी ठेवावा. प्रत्येक तक्त्यातल्या नोंदींची संख्या आणि रकमेच्या रकान्यांच्या बेरजा जुळवाव्यात. वर्णानुक्रमाने लावलेल्या याद्यांचा क्रम पाहावा, कारण अ‍ॅक्सेस २०१० पासून नव्या फायलींसाठी जनरल आणि जनरल लेगसी असे दोन वेगळे क्रम आहेत, आणि आवृत्त्या मिश्र असताना लेगसी हाच क्रम ठेवणे बरे. अहवालांमध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे: २००७ मध्ये आलेल्या रिपोर्ट व्ह्यूमध्ये फॉरमॅट आणि प्रिंट या घटना घडतच नाहीत. पानागणिक बेरीज किंवा एखादी ओळ लपवणे त्या घटनांमधल्या कोडवर अवलंबून असेल, तर पडद्यावर एक आकडा आणि छापील प्रतीत दुसरा असे होऊ शकते. असे अहवाल प्रिंट प्रिव्ह्यूमध्येच उघडतील अशी व्यवस्था करावी. ज्या संगणकांवर पूर्ण अ‍ॅक्सेस नसून विनामूल्य रनटाइम (फाइल केवळ चालवणारी आवृत्ती) आहे, त्यांच्यासाठी फाइलचा विस्तार एसीसीडीआर करून चाचणी घ्यावी. रनटाइममध्ये न हाताळलेली चूक आली की प्रोग्रॅम बंद होतो.

हे सगळे स्थिरावले आणि शेवटचा जुना संगणक गेला की एसीसीडीबीचा विचार करावा, तोही तिच्यातले काही हवे असेल तर. रूपांतरानंतर काही काळ मागे फिरण्याची वाट खुली ठेवणे शक्य आहे, परंतु ती नव्या प्रकारच्या रकान्यांमुळे बंद होते. जोडपत्रे आणि अनेकमूल्यी रकाने एमडीबीत मावत नाहीत. २०१० मधले गणिती रकाने असलेला तक्ता २००७ उघडत नाही. लार्ज नंबर किंवा विस्तारित तारीख-वेळ हा प्रकार एकदा वापरला की ती फाइल ते प्रकार न ओळखणाऱ्या जुन्या आवृत्त्यांना परकी होते, आणि लार्ज नंबरसाठी लागणारा लाँगलाँग हा प्रकार ३२-बिट व्हीबीएमध्ये नाहीच. त्यामुळे रूपांतरानंतरची पहिली एक-दोन महिनाअखेर जुन्याच रकान्यांवर पार पडू द्यावी. तोवर काही बिघडले तर नव्या फाइलमधले तक्ते एमडीबीत निर्यात करून त्या दिवसापर्यंतच्या नोंदींसह परत येता येते. नवे प्रकार वापरल्यावर हातात राहतो तो केवळ रूपांतराच्या दिवशीचा बॅकअप, आणि त्यानंतरच्या सर्व नोंदी पुन्हा भराव्या लागतात.